घासलेलं हेड

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, कर्जत ते खोपोली अशी एक सर्व्हिस मोटार भागीत चालवत होतो. मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे उभी भट्टी बसवलेली, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्याचा गॅस इंजिनाला द्यायचा. हा गॅस अशक्त. पळसदरीच्या साध्या चढावर उतारूंना खाली उतरून मोटार ढकलायला लागायची. म्हणून मी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढलं आणि खालून घासून आणलं. हेड घासलं की पिस्टनच्या वरची जागा कमी होते, आत आलेला गॅस जास्त दाबला जातो आणि जोरात पेटतो. याला कॉम्प्रेशन वाढवणं म्हणतात. त्यानंतर आमची मोटार ढकलताना कोणी पाहिली नाही.

परवाना मेहुण्याच्या नावावर होता. घरातलाच माणूस, म्हणून मी कधी त्यात लक्ष घातलं नाही. लढाई संपली, पेट्रोल यायला लागलं, मोटार थेट घाट चढून लोणावळ्यापर्यंत जाणार असं ठरलं, आणि त्याच आठवड्यात त्यानं मला खोपोलीच्या मोटार अड्ड्यावर चार लोकांसमोर सांगितलं, "दाजी, हात काळे करनाऱ्याला मी पगार देतो. भागी देत नाय."

मी हत्यारांची पेटी उचलायला गेलो तर म्हणाला, "ती मोटारीची हाय. ऱ्हाऊ दे तिथंच."

ती पेटी माझ्या वडिलांची होती. अड्ड्यावरचे लोक हसले. ते हसू मला आजही ऐकू येतं.

बायको त्याच्याकडे विचारायला गेली. त्यानं तिला दारातच उभी केली आणि माहेर पाहिजे का नवरा ते ठरव म्हणाला. ती दहिवलीला आमच्या घरी परत आली, हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "त्याला घाटात बसलेला बघायचाय मला. भर रस्त्यात." त्या साली भाऊबीजेला ती गेली नाही. शेजारणींनी विचारलं तर सरळ सांगायची, मला भाऊ नाय.

मी कल्याणकडच्या एका लष्करी दुरुस्तीखान्यात नोकरी धरली. तिथे एका म्हाताऱ्या पंजाबी मिस्त्रीनं मला ब्लोअर दाखवला. इंजिन स्वतःच्या दमानं जेवढी हवा ओढतं त्यापेक्षा जास्त हवा हे यंत्र त्याच्या नरड्यात कोंबतं. विमानांना उंचावर हवा कमी पडते, म्हणून त्यांना असलं काही बसवतात, असं तो सांगायचा. माझ्या डोळ्यांसमोर विमान आलं नाही. बोरघाट आला.

लष्करानं भंगार मोडीत काढलं तेव्हा मी एक लॉरी घेतली आणि तसलाच एक ब्लोअर. ब्लोअरची बेअरिंगं गेलेली होती आणि ती मुंबईत कुठेच मिळत नव्हती. म्हणजे लॉरी आधी त्याच्याशिवायच चालवायची. इथे मला ठरवायला लागलं, इंजिनाचं कॉम्प्रेशन किती ठेवायचं.

बायको भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "आता हेड घासलंत तर?"

"आता तुझ्या भावाच्या पुढे जाईन. पण पुढे ब्लोअर बसला की त्या कमी जागेत आणखी हवा कोंबली जाईल. पेट्रोल ठिणगी पडायच्या आधीच भडकेल आणि पिस्टन फुटेल."

"आन नाय घासलं तर?"

"घासायचं तर नाहीच, उलट तांब्याचं जाड पॅकिंग घालून हेड वर उचलायचं. जागा वाढवायची. मग ब्लोअर पचेल. पण तो बसेपर्यंत लॉरी मेल्यासारखी चालेल. रोज तो मला मागे टाकेल."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "टाकू दे," म्हणाली.

खालापूरचा तांदूळ आणि गवताचे भारे घेऊन मी घाट चढायचो. लॉरीला लोक गाभण म्हैस म्हणायला लागले. मेहुण्याची मोटार भोंगा वाजवत पुढे जायची आणि त्याचा क्लीनर, ओढून नेऊ का म्हणून, खिडकीतून दोर हलवून दाखवायचा. पावसाळा गेला, हिवाळा आला, बेअरिंगं येईनात. एका दुपारी मला ते सोसवेना. हेड घासूनच आणायचं म्हणून मी अंगणात लॉरीचं बॉनेट उघडलं आणि हेडचे बोल्ट ढिले करायला घेतले. बायको बाहेर आली, मडगार्डवर बसली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

"एवढं सोसलंत ते फुकट घालवनार का?" तिनं विचारलं.

मी बोल्ट परत आवळले.

बेअरिंगं शेवटी त्या पंजाबी मिस्त्रीनंच कुठूनशी पाठवली. ब्लोअर बसला. पहिल्या दिवशी भरल्या लॉरीनं मी घाटाला लागलो तर इंजिन शीळ घातल्यासारखं ओरडत होतं आणि चढ पायाखाली सपाट झाल्यासारखा वाटत होता. शिंगरोबाच्या देवळाच्या वरच्या वळणावर मी मेहुण्याला मागे टाकलं. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तेवढ्यानं माझं पोट भरेल. भरलं नाही.

आठवड्याभरात तो आमच्या अंगणात उभा होता. बसला नाही, पाणी घेतलं नाही. लॉरीच्या बॉनेटकडे बघत म्हणाला, "ह्यो मिलतो कुठं?"

मी ठिकाण सांगितलं. मग म्हणालो, "पण तुमच्या मोटारीला बसवू नका. तिचं हेड मीच घासलंय. आधी हेड बदला, मग बसवा."

तो हसला. "माजी मोटार पुढं जाईल म्हनून पोटात दुखतंय तुज्या."

"दादा, ते खरं सांगतायत," बायको दारातून म्हणाली.

"तू तर त्याचीच," म्हणून तो गेला.

बायकोनं मला विचारलं, "ऐकंल तो?"

"नाही."

"मग बरं."

मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. पण माझ्या तोंडून आलेलं खरं तो कधीच मानणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

त्यानं ब्लोअर बसवला. सपाटीवर मोटार वाऱ्यासारखी जायला लागली आणि अड्ड्यावर त्याचं कौतुक झालं. मी मात्र तिचा आवाज ऐकत होतो. चढाला लागली की डब्यात खडे हलवावे तसं आतून वाजायचं. त्याला ती ताकद वाटत होती.

एके दिवशी बायको माझ्या शेजारी बसली होती, तिला लोणावळ्याला मावशीकडे जायचं होतं. देवळाच्या खालच्या वळणावर मेहुण्याची मोटार आडवी उभी दिसली. बॉनेटमधून धूर येत होता, उतारू कठड्यावर बसले होते. मी खाली उतरून पाहिलं. हेडचं पॅकिंग फाटलं होतं, आणि हँडल मारल्यावर इंजिन ज्या तऱ्हेनं मोकळं फिरत होतं त्यावरून पिस्टनला भोक पडलंय हे कळत होतं.

"वढून न्या," मेहुणा खालच्या मानेनं म्हणाला.

"आधी उतारू," मी म्हणालो. सगळ्यांना तांदळाच्या पोत्यांवर बसवून मी लोणावळ्याला पोचवलं. बायको मावशीकडे उतरलीच नाही. ती माझ्याबरोबर परत आली.

तोवर रस्त्यावरच्या मजुरांनी मोटार वळवून दिली होती आणि तो ब्रेक दाबत दाबत पायथ्याशी येऊन अडकला होता. तिथून मी मोटार दोरानं बांधली आणि खोपोलीच्या बाजारातून ओढत नेली. ओढलेल्या मोटारीत कोणीतरी चाक धरून बसायला लागतं, त्यामुळे त्याला तोंड लपवता येईना. बाजार भरलेला होता. मी लॉरी पहिल्या गिअरच्या वर जाऊ दिली नाही. बायको पूर्ण वळून मागे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पंगतीत बसलेल्या माणसासारखी ती शांत होती.

त्यानं मोटार पुन्हा रस्त्यावर आणली नाही, शेती करायला लागला. पुढे सरकारी गाड्या सुरू झाल्या आणि असे खाजगी परवाने गेलेच. काही नातेवाईक मला म्हणतात, थोडं थांबला असतास तर काळानंच त्याला घरी बसवला असता. बसवला असता, पण मग बायकोला तो बाजारातून ओढला जाताना बघता आला नसता.