तारेवरचे कागदी खांदे

मास्तर मासिक वाचत नसत, ऐकत. कुणी जुना अंक आणून दिला की त्याच्या कव्हरवर नखाने टिचकी मारायचे आणि मान तिरकी करून थांबायचे. "ह्याला आवाज आहे," म्हणाले की अंक कपाटात. नाहीतर परत तुमच्या हातात.

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान होतं. ब्लाऊजचं कागदी कटिंग एकदा करून ठेवलं की दरवेळी नव्याने माप घ्यावं लागत नाही, हे शिवून घेणाऱ्यांना ठाऊक असेल. बाकीचे शिंपी त्यासाठी खाकी कागद आणतात. मास्तरांना गुळगुळीत, जाड कव्हरंच लागत. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार, आणि तिच्यावर अख्ख्या पेठेतल्या बायका टांगलेल्या. कुणाच्या बाहीवर कुकरची जाहिरात, कुणाच्या पाठीवर नटीचे दात. प्रत्येकीचं नाव कन्नड अक्षरांत, कारण मास्तरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी फक्त बोलण्यापुरतीच उरली होती.

मी पत्रकांवर वाढलेली. माझी आई यशवंतपूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर झोळीतून पत्रकं वाटायची, आणि मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पुढे आम्ही काही मित्रमैत्रिणींनी एक त्रैमासिक काढलं. अर्थातच ते खपलं नाही. एक गठ्ठा घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी टिचकी मारली, मान तिरकी केली.

"हा मुका आहे, पोरी."

"मास्तर, यात कापड कारखान्यातल्या बायकांच्या हक्कांबद्दल लिहिलंय."

"लिही की. पण स्वल्प जाड कागदावर लिही."

माझ्या तयार कुडत्यावरही त्यांचा राग होता. मी सांगायची, हासुद्धा एका कामगार बाईनेच शिवलाय. "सरी, बरोबर," ते म्हणायचे, "पण त्या बाईनं तुला बघितलंय कुठं?"

मग जागामालकाने दुकानांची ती ओळच पाडायची ठरवली. तिथे मोठं कॉम्प्लेक्स होणार होतं. तेव्हा बेंगळुरूत दर गल्लीला एक तरी खड्डा खणलेला असे. मी संतापून पत्रक लिहिलं, सह्या गोळा केल्या, मालकाच्या दारात उभी राहिले. मालकाने मला कॉफी पाजली आणि पाडायची तारीख तीच ठेवली.

मास्तरांना स्वतःची चिंता नव्हती. मशीन विकून ते दावणगेरेला मुलीकडे जाणार होते. त्यांचा जीव अडकला होता तारेवर.

"रद्दीत घालू म्हणतेस? पुड्या बांधतील. कुणाच्या पाठीत शेंगदाणे, कुणाच्या छातीत चुरमुरे. हे काय बरं दिसतं?"

म्हणून ते पिशवी घेऊन दारोदार निघाले, ज्याचं माप त्याच्या घरी पोचवायला. मी काही घरांना बरोबर गेले. एक बाई पोट धरून हसली, "मास्तर, आता यात माझा एक हात तरी मावेल का?" पण कागद तिने आत नेऊन ठेवला. एका घरी सुनेने दार उघडलं, "आम्ही रेडिमेड घेतो, अण्णा," म्हणत परत लावून घेतलं.  मास्तरांनी ते कटिंग दाराच्या कडीत हळूच अडकवलं, शाळेतून आलेल्या मुलाची टोपी खुंटीला लावावी तसं.

आमच्या घरी ते सगळ्यात शेवटी आले. आईला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. गेलेल्या बायकांची मापं मास्तर फेकत नसत, तारेच्या आतल्या टोकाला सरकवून ठेवत. हे मला माहीत होतं. तिथे आईही असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

त्यांनी टेबलावर कागद पसरला. खळीने जोडलेली दोन कव्हरं. सिनेमाच्या मासिकांना आयुष्यभर नाकं मुरडणाऱ्या माझ्या आईच्या उजव्या खांद्यावर एका नटीचा काजळ घातलेला डोळा होता. मला हसू आलं.

"अक्काला सांगितलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "रागावली असती. पण कागदाला काय आवाज होता!"

मग त्यांनी बोट ठेवलं. "बघ. सगळ्यांची पाठ आम्ही अर्धीच कापतो. कापड दुमडलं की दुसरी बाजू आपोआप येते. तुझ्या आईची पूर्ण कापावी लागली. ती म्हणायची, मास्तर, ब्लाऊज डावीकडं ओढतो. दोनदा उसवला, तरी ओढायचा. मग एक दिवस ती दुकानावरून चालत गेली, खांद्याला ती झोळी. तेव्हा कळलं."

डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली कापला होता.

आई गेली तेव्हा सभा झाली होती. भाषणं झाली. मीही बोलले, तिच्या निष्ठेबद्दल, तिच्या लढ्याबद्दल. पत्रकांना वजन असतं, हे त्या सभेत कुणी बोललं नाही.

"ठेव," मास्तर म्हणाले. पिशवी झटकून त्यांनी तिची घडी घातली. "आता झाली सगळी."

पुढच्या पावसाळ्यात दावणगेरेहून मास्तर वारल्याचं कळलं. तोवर आमच्या त्रैमासिकाचं कव्हर आम्ही जाड केलं होतं. छापखान्यातून पहिली प्रत हातात आली, तेव्हा मी टिचकी मारून पाहिली. आवाज होता असं वाटलं. खात्री कुणाकडून करून घ्यायची?

दुकानांच्या जागी आता काचेची इमारत आहे. कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटायला जाताना मी तिच्यासमोरून जाते. झोळी आईचीच आहे, आणि नकळत डाव्याच खांद्यावर येते. माझाही कुडता हल्ली त्या बाजूला ओढतो. रस्त्यावरून जाताना मला पाहून पूर्ण पाठ कापायला हवी हे ओळखणारं आता कुणी नाही.