सहाशे गुण शिल्लक

चहा कसाही झाला असला तरी प्या, आणि ऐका. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. शेजारच्या कुमुदताई सांगतात तेव्हा तीत भर पडते.

आमच्या कॉलनीने यंदा महिलांच्या बेसबॉल स्पर्धेत संघ उतरवला. खेळाडू लिलावात घ्यायच्या होत्या. प्रत्येक संघाला हजार गुण, आणि तेवढ्यात नऊ जणी बसवायच्या. मी जुनी मॅट्रिक, हिशेबाची काटेकोर. म्हणून बोली लावायचे काम माझ्याकडे आले. बेसबॉल मला ठाऊक नव्हता. पण भाजी तरी मला कुठे पिकवता येते? भाव मात्र करता येतो.

औरंगपुऱ्यातल्या सभागृहात लिलाव चालवणाऱ्या मास्तरांनी पहिले नाव पुकारले. "चाळीसपास्नं सुरू."

"तीसला द्या," मी म्हणाले.

"मावशी, बोली वर चढती. खाली नाय उतरत."

पुढे आमच्या सूनबाईंचे, वैशालीचे नाव आले. लग्नापूर्वी ती नावाजलेली पिचर होती. चेंडू फेकण्यात तिचा हात कुणी धरत नसे. बारा वर्षांनी तिने कपाटातला हातमोजा काढून आठवडाभर त्याला तेल लावले होते.

"शंभर," बजाजनगर संघाच्या बाई म्हणाल्या.

कुमुदताईंनी मला कोपराने ढोसले. "अहो, हात वर करा की."

"घरच्या माणसावर गुण कशाला खर्चायचे? ती आपल्याकडूनच खेळणार."

"असं नसतं हो."

"मी तिची सासू आहे," मी समजावले.

दौलताबादकर तीनशेपर्यंत गेले. बजाजनगरच्या चारशेवर बोली थांबली. मी मागे वळून वैशालीला खूण केली, काळजी नको. ती माझ्याकडे पाहतच नव्हती.

आठ जणी मी चारशेत बसवल्या आणि यादीत नववे नाव वैशालीचे लिहिले. मास्तरांनी ते खोडले. "ही बजाजनगरची झाली, मावशी."

"मग माझे सहाशे पुढच्या वर्षी धरा."

"शिल्लक बाद होती. संघ उभा करायला दिलते, जपून ठेवायला नाय."

तोवर सगळ्या खेळाडू संपल्या होत्या. नवव्या जागी कुमुदताई उभ्या राहिल्या, गुडघ्याला पट्टा बांधून.

बजाजनगरविरुद्धच्या सामन्यात वैशालीने आमची एकही धाव होऊ दिली नाही. घरी आल्यावर मी विचारले, "घरच्यांविरुद्ध इतका जोर?"

हातमोजा पुसता पुसता ती म्हणाली, "आई, त्यांनी चारशे मोजलेत. तेवढं तरी टाकायला नको?"

आज ती बजाजनगरला सरावाला गेली आहे, म्हणून चहा मी केला. बारा वर्षे तो मला आयता मिळत होता. त्याचा भाव विचारायचे मात्र कधी सुचले नाही.