दाजींनी आखलेली बॅचलर पार्टी

आमचे दाजी जेवता जेवता ताटात नकाशे काढायचे. भाकरी संपत आली की उजव्या हाताचं बोट आमटीत बुडायचं आणि ताटाच्या कडेपासून रस्ता सुरू व्हायचा. ही आपली बेंबळी, हा धाराशिवचा चौक, इथून डावीकडं वळायचं. चटणीचा गोळा म्हणजे कारखाना आणि कांद्याची फोड म्हणजे रेल्वे फाटक. पंगतीतली सगळी माणसं घास हातात धरून त्या ताटाकडे बघत बसायची. शेवटी अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, ताट उचलायची आणि अख्खा जिल्हा मोरीत जायचा. दाजींना त्याचं काही वाटत नसे. हात धुऊन ते दुसरा नकाशा सतरंजीवर काढायला घेत.

नोकरीही त्यांना नेमकी तशीच मिळाली होती. ढोकीच्या बाजूला एका साखर कारखान्यात ते शेतकी खात्यात होते. कोणाचा ऊस कधी तुटणार, तोडणीची टोळी कुठून कुठं जाणार, ट्रॅक्टर कोणत्या वाटेनं येणार, हे ठरवायचं त्यांचं काम. ऐन वेळी भलत्याचाच ऊस तुटायचा, ट्रॅक्टर तिसऱ्याच शेतात जाऊन रुतायचा आणि शेतकरी दाजींच्या नावानं शिमगा करायचे. दाजी शांतपणे म्हणायचे, "नियोजन बराबर हुतं. माणसं चुकली." हे वाक्य आमच्या घरात इतकं रुळलं होतं की दूध उतू गेलं तरी कोणीतरी ते म्हणायचंच.

माझं लग्नही त्यांनीच जमवलं. मुलगी लोहाऱ्याची. तिचे वडील निवृत्त शिक्षक, सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणायचा. गुरुजींनी माझा पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. त्यांच्या सख्ख्या भावाचा संसार दारूनं धुळीला मिळाला होता, म्हणून त्यांनी एकच विचारलं, "मुलगा पितो का?" दाजींनी छातीवर हात ठेवला. "गुरुजी, आमचा पोरगा सुपारीसुदिक खात न्हाय. उद्या नुसता वास आला तरी लगीन मोडा. म्या मधी पडणार न्हाय." हे खरंच होतं, मी पीत नव्हतो. दाजीही पीत नव्हते. त्यांना तर चहाचा दुसरा कप झाला तरी छातीत धडधडायचं.

लग्न ठरलं आणि पुण्याहून माझ्या दोन मित्रांचा फोन आला. लग्नाआधी बॅचलर पार्टी झालीच पाहिजे, आणि तीही साधी नाही. एक दिवस गाडी काढायची, दारू जिथं तयार होते त्या एकेका ठिकाणी थांबायचं, थोडी चाखायची आणि पुढं निघायचं. पुण्यात म्हणे सगळे असंच करतात. फोन स्पीकरवर होता आणि दाजी समोर जेवत होते. त्यांचं बोट आमटीत कधी गेलं ते मला कळलंच नाही.

"टप्पे किती?" त्यांनी विचारलं.

"दाजी, गुरुजींना कळलं तर लग्न मोडेल."

"पिणार कोण हाय? तुझे दोस्त पितील. तू निसतं बघायचं अन् फोटू काढायचा. टप्पे किती ते सांग आधी."

मित्र म्हणाले, दोन-तीन. दाजींनी मान हलवली. "दोन सम झाले. तीन शुभकार्याला चालत न्हाईत. पाच करा."

आता आमच्या भागात दारूचे पाच कारखाने आणायचे कुठून? पण दाजी असल्या अडचणींना भीक घालणारे नव्हते. पहिला टप्पा कारखान्याची डिस्टिलरी, तिथं त्यांचा दोस्त होता. दुसरा गुऱ्हाळ, कारण "दारूची बी आई ऊसच की." तिसरा नीरेचा स्टॉल. चौथा तुळजापूर, कारण देवी वाटेत असताना तशीच पुढं कशी जायची? आणि पाचवा सोलापूरच्या अलीकडचं एक नवं हॉटेल, तिथं म्हणे काचेमागं टाक्या मांडून बिअर तयार करत होते. नीरा आणि देवी पुण्याच्या मित्रांच्या कार्यक्रमात कुठंच नव्हत्या.

घरच्यांना काय सांगायचं, हेही दाजींनी ठरवलं. ढोकीला त्यांच्या मामेभावाकडे माझं केळवण आहे, असं सांगायचं. नवरदेवाला लग्नाआधी कोणी जेवायला बोलावलं तर कोण नाही म्हणणार? इथवर सगळं ठीक होतं. पण केळवण म्हटल्यावर दाजींच्या डोक्यात मानपान शिरला. केळवणाची खबर व्याह्यांना न देणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी लोहाऱ्याला फोन लावला आणि शेवटी म्हणाले, "तुमी बी या की गुरुजी." आमच्याकडं 'या की' म्हणणं ही फोन ठेवायची पद्धत आहे. त्यावर कोणी येत नाही. गुरुजी आले.

ठरल्या दिवशी सकाळी ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत दारात उभे. हातात नारळ आणि दाजींसाठी टॉवेल-टोपी. मित्र माझ्याकडे बघायला लागले, मी दाजींकडे आणि दाजी आभाळाकडे. जीपवाला रफिकभाई आमच्यातलाच, त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं दाजींना बाजूला घेतलं. "दाजी, ये तो सासरा है! प्रोग्राम कॅन्सल करू का?"

"ह्ये बघ रफिक," दाजी म्हणाले, "नियोजन झालेलं हाय. गुरुजींना म्होरं बसव."

मामेभावाकडे खरंच जेवण करायला लावलं आणि गुरुजींना सांगितलं, आलोच आहोत तर कारखाना दाखवू. डिस्टिलरीच्या फाटकातच मळीचा असा दर्प आला की पुण्याच्या एका मित्रानं नाकाला रुमाल लावला तो परत काढलाच नाही. गुरुजी मात्र रमले. मळी आंबवायच्या टाकीत वाकून त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. तिथला माणूस म्हणाला की आता हे सगळं पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. "म्हणजे मोटारसायकल पिती," गुरुजी खूश होऊन म्हणाले, "माणूस न्हाय. चांगलंय." मित्रांनी पुण्याहून आणलेले छोटे चकचकीत ग्लास पिशवीतच राहिले. आम्हा सगळ्यांच्या कपड्यांना तो वास चिकटला, गुरुजींच्यासुद्धा. त्यामुळे वासाची ती अट त्या दिवसापुरती आपोआप निकालात निघाली.

जेवून निघालो, गुऱ्हाळ झालं, नीरा झाली, देवी झाली. मला वाटलं, आता परत फिरू. पण दाजींना चारावर थांबवत नव्हतं. सम आकडा! "गुरुजी, म्होरं एका हाटेलात च्या घिऊ," असं म्हणून त्यांनी जीप सोलापूरकडं काढायला लावली.

हॉटेलच्या दारातच मी थबकलो. दाजींनी आठवडाभर आधी टेबल सांगून ठेवलं होतं, आणि शुभकार्य म्हटल्यावर फलक पाहिजेच, म्हणून तोही सांगितला होता. फुग्यांच्या मधोमध माझं नाव, आणि वर मोठ्या अक्षरांत 'बॅचलर पार्टी'. गुरुजींनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला. वर्गात वाचायचे तसा. मग काचेमागच्या टाक्या बघितल्या. वेटरनं विचारलं, "नवरदेव कोण? बिअरचा पहिला मग आमच्याकडून."

गुरुजी माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. भावाचं घर त्यांना आठवलं असणार. आता हा माणूस हात जोडून लोहाऱ्याला परत जाणार आणि सगळं संपणार, एवढंच मला दिसत होतं.

"इकडं आण त्यो," दाजी म्हणाले. "गुरुजी, पोराचा काय संबंध न्हाय. म्या पितो. घरात बायको पिऊ देत न्हाय, म्हणून पोराच्या नावावर हौस भागवून घ्यावी म्हनलं."

"दाजी? तुम्ही पिता?" गुरुजींनी विचारलं.

"पितो की. लई."

आणि त्या माणसानं, ज्याला दुसरा चहा सोसत नव्हता, एका हातानं नाक धरलं, डोळे मिटले आणि तो भला मोठा मग तळापर्यंत रिकामा केला. मग खाली ठेवून अंगभर शहारले आणि म्हणाले, "झकास." गुरुजींनी स्वतःसाठी लिंबू सरबत मागवलं. परतीच्या वाटेवर दाजी मागच्या सीटवरून माझ्या अजून न झालेल्या मुलाच्या बारशाचं नियोजन करत होते, आणि नकाशा बोटानं गुरुजींच्या पांढऱ्या पाठीवर काढत होते. गुरुजींनी तो काढू दिला.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. पण लोहाऱ्यात दाजी कायमचे दारुडे झाले. प्रत्येक सणाला गुरुजी त्यांना कोपऱ्यात घेऊन व्यसनमुक्तीवर बोलायचे, आणि दाजी मान खाली घालून म्हणायचे, "व्हय गुरुजी. कमी केलीया." माझ्या सासरच्या बायका अक्काच्या पाठीवरून हात फिरवायच्या. अक्का घरी येऊन दाजींवर उखडायची. "च्या पचत न्हाय माणसाला, अन् मला समद्या लोहाऱ्यात दारुड्याची बायको करून ठिवली!" दाजी हसायचे. "गप. पोराचा संसार चाललाय न्हवं का?"

दोन वर्षांपूर्वी दाजी गेले. कारखान्याच्या ऐन गळिताच्या दिवसांत, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. असा माणूस मला पुन्हा भेटणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

दहाव्याला गुरुजी काठी टेकत आले आणि अक्कासमोर बसले. मग म्हणाले, "दाजी पीत नव्हते. मला त्या हॉटेलातच कळलं होतं. पिणारा माणूस नाक धरून पितो व्हय? एरंडेल घेतल्यावाणी घेतली त्यांनी."

मी चक्रावलो. "मग इतकी वर्षं त्यांना उपदेश का करत होतात?"

"माझ्या पोरीचं लग्न मोडू नये म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घालवलं. असा माणूस पाठीशी असलेला पोरगा बिघडणार न्हाय, हे मला तिथंच पटलं. मी ओळखलंय हे कळलं असतं तर बिचारे ओशाळले असते. एवढं एकच नियोजन त्यांचं पार पडलं होतं. ते मी कसं मोडू?"

अक्कानं डोळ्यांना लावलेला पदर काढला. "अवो गुरुजी, मग मला तरी सांगायचं हुतं की! आता समद्यास्नी सांगा. माझा नवरा पीत नव्हता."

गुरुजी काठीवर जोर देऊन उठले. मांडवात दोन्हीकडची माणसं बसली होती. त्यांच्यासमोर उभं राहून, वर्गात बोलावं तशा खड्या आवाजात ते म्हणाले, "दाजी पीत नव्हते." बेंबळीची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली, कारण त्यांना हे ठाऊकच होतं. इतकी वर्षं त्यांना दारुडा म्हणत आलेली लोहाऱ्याची माणसं मात्र मान खाली घालून बसली.