कालची मेथी, आजची मेथी

मेथीची जुडी स्टाफरूममधल्या माझ्या टेबलावर आपटून नामदेवभाऊ म्हणाले, "घ्या मास्तर. कालची हाय का आजची, तुमीच सांगा."

मी काय सांगणार? मला मेथी आणि शेपू यातला फरकसुद्धा बायकोनं सांगितल्यावर कळायचा.

नामदेवभाऊ आमची शाळा होती त्या आंजी गावचेच. गावाच्या कडेला त्यांची बाडी होती, म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची भाजीची बाग. मेथी, पालक, सांबार पिकवायचे आणि आठवडी बाजारात विकायचे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांची फजिती इथूनच सुरू होते. नामदेवभाऊंची मुलगी कुसुम माझ्या आठवीच्या वर्गात होती आणि हे भांडण तिच्या लिहिण्यावरून होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मराठी शिकवायचो आणि निबंध तपासून पार वैतागलो होतो. साऱ्या वर्गाची गाय एकच, गाईडमधली. घरच्या गोठ्यात खरी गाय बांधलेली पोरंही त्या छापील गाईचंच कौतुक करायची. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी लेखनाचा वर्ग घ्यायला लागलो. हल्ली त्याला वर्कशॉप म्हणतात आणि चहा-बिस्किटं देतात. आमच्याकडे कडुनिंबाची सावली होती. त्या निंबाखालचे शनिवार आठवले की अजूनही जीव तिकडे ओढतो.

नियम एकच. डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. त्यातलं चांगलं भित्तिपत्रकावर लागायचं. ड्रॉइंग शीटवर पोरांचे लेख चांगल्या अक्षरात उतरवायचे आणि खळ लावून शीट भिंतीवर चिकटवायची, झालं भित्तिपत्रक. आमची भिंत बाजाराच्या मैदानाकडे तोंड करून होती, त्यामुळे वाचक आयते मिळत.

कुसुमनं लिहिलं होतं, 'आमचे बाबा उरलेली मेथी ओल्या पोत्याखाली झाकून ठेवतात. सकाळी तिच्यावर पाणी शिंपडतात. मग ती आजची होते.'

मी जाम खूश झालो. गाईडच्या बाहेरचं असं लिहिणं मला पहिल्यांदाच मिळालं होतं. लगेच भिंतीवर लावलं.

बाजाराच्या दिवशी ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. ज्यांना येत नव्हतं त्यांनी गावभर केलं. दुपारपर्यंत बाया नामदेवभाऊंच्या दुकानापुढे जुडी हुंगून विचारायला लागल्या, "का जी, पोत्याखालची तर नाई ना?"

"खोटं लिहिलंय का तिनं?" मी स्टाफरूममध्ये नामदेवभाऊंना विचारलं.

"खोटं काऊन लिहीन? माही पोरगी हाय ते!" ते आणखीच भडकले. "पन सारा बजार हेच करते. भितीवर नाव माह्या एकट्याचं लागलं. आता शाळा बंद. उद्यापासून बाडीत तन निंदाले लावतो तिले."

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. "ते पत्रक आधी काढा. तुमची ती गाय काय वाईट होती? गाईची तक्रार घेऊन कोणी शाळेत येत नाही."

पत्रक काढलं. कुसुम यायची बंद झाली. बाकीची पोरं घाबरून पुन्हा गाईवर आली. मला जेवण गोड लागेना. हुशार पोरगी माझ्या वर्गापायी शाळेतून जाते की काय, हे डोक्यातून जाईना. रविवारी बाडीवर गेलो. कुसुम वाफ्यात खुरपं घेऊन बसली होती, तिनं मान वर केली नाही. तिच्या आईनं चहा दिला. नामदेवभाऊ एवढंच म्हणाले, "बजार होऊ द्या मास्तर, मंग पाहू."

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो. नामदेवभाऊंनी मेथीचे दोन ढीग लावले होते आणि खड्या आवाजात ओरडत होते, "हे आजची! हे कालची, सस्ती! माह्या पोरीनं लिवलं, तेच सांगून राह्यलो!"

लोक आधी हसले, मग थांबले. "पातळ भाजीले कालची चालते बाप्पा," म्हणत बायांनी स्वस्तातला ढीग आधी उचलला. ऊन चढायच्या आत दोन्ही ढीग संपले. आजूबाजूचे दुकानदार आपापल्या जुड्यांवर पाणी शिंपडत पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊ कुसुमला घेऊन शाळेत हजर.

"पोरगी आनली मास्तर. तुमच्या शनवारच्या वर्गातबी बसू द्या. पन भितीवर लावाच्या आंदी मले वाचून दाखवाचं. मले वाचता येत नाई, आयकता येते."

शुक्रवारी दिवेलागणीला विहिरीच्या काठावर कुसुम वाचायची आणि बाप ऐकायचा. पहिल्याच शनिवारी तिच्या लेखात एक नवं वाक्य शेवटी जोडलेलं दिसलं.

"हे कुणी सुचवलं?"

"बाबानं, सर. म्हनते, शेजारच्या काकाचं पोतंबी लिव."

ते वाक्य मी भिंतीवर लावलं नाही. एका बाजाराला एक भांडण पुरे.

कुसुम दहावी झाली, पुढे शिकायला वर्ध्याला गेली. मी नंतर बऱ्याच गावांत असे वर्ग घेतले. खरं लिहायला पोरं दोन-चार शनिवारांत शिकतात. ते ऐकून घेणारा बाप मात्र मला पुन्हा कुठल्याच गावात भेटला नाही.