लक्ष्मणराव मास्तरांची आहारवही

चाकणच्या अलीकडे आमची चौथीपर्यंतची शाळा होती आणि तिला एकच मास्तर, लक्ष्मणराव. १९५४ साली ते पुण्याला आठ दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना जीवनसत्त्वं घेऊन आले. तोवर आम्ही नुसतेच जेवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीनंतर आणखी एक हजेरी सुरू झाली. सकाळी काय खाल्लं ते प्रत्येकानं सांगायचं, मास्तर ते आहारवहीत लिहिणार. पहिल्या दिवशी आम्ही खरं सांगितलं. चहा आणि शिळी भाकरी. काहींचा नुसताच चहा. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि चहावाल्यांना उभं राहायला सांगितलं. सगळा वर्ग उभा राहिला.

सांगायची राहिली होती ती फक्त मास्तरांची मुलगी, शकू. "दूध, पालेभाजी आणि अंडं," ती म्हणाली. मास्तर क्षणभर थबकले. त्यांचं घर शाळेला लागूनच होतं आणि तिथल्या चहाचा वास आम्हालाही येई. पण त्यांनी वळणदार अक्षरात ते सगळं लिहिलं आणि शकूला शाबासकी दिली.

एवढं शिक्षण आम्हाला पुरलं. आठवड्याभरात गावाची प्रकृती सुधारली. भैरू तूप खाऊ लागला, जमिला पालेभाजी. मी रोज दोन अंडी खात होतो. आमच्या घरी कोंबडीच नव्हती.

खरं पोटात जायचं ते शाळा झाडणाऱ्या सरुबाईच्या हातचं दूध. शाळेला दुधाची भुकटी मिळायची, ती सरुबाई मोठ्या पातेल्यात कोमट पाण्यात कालवून वाटायची. त्याला वास यायचा, गुठळ्या राहायच्या. आम्ही नाक धरून प्यायचो आणि पुन्हा पेला पुढे करायचो. जमिला अर्धा पेला धाकट्या भावासाठी घरी न्यायची. सरुबाई तिला न बोलता एक पळी जास्त घालायची.

दिवाळीनंतर तालुक्याहून साहेब आले. मास्तरांनी मोठ्या अभिमानानं वही पुढे केली. साहेबांनी ती चाळली, मास्तरांची पाठ थोपटली आणि म्हणाले, "इतका उत्तम आहार असताना भुकटी कशाला? ती गरजू गावाला देऊ." भुकटीचं पिंप त्याच जीपमधून गेलं.

सरुबाईनं पातेलं घासून उपडं घातलं. "मास्तर, आता पोरास्नी ही वहीच कालवून पाजू का?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कोरी वही काढली. "आज सगळ्यांनी खरं सांगायचं. ते घेऊन मी साहेबांकडे जाणार आहे, म्हणजे दूध परत मिळेल," ते म्हणाले. "आधी माझं लिहितो. चहा आणि शिळी भाकरी. शकूचंही तेच." मला त्यांचा राग आला होता, तरी त्या वेळी कीव वाटली.

"सांग जमिला."

जमिला उभी राहिली. आदल्या दिवशी तिचा पेला रिकामाच घरी गेला होता. पण चहावाल्यांना उभं केलेलंही ती विसरली नव्हती.

"दूध," ती म्हणाली, "आणि पालेभाजी."

मास्तरांचा टाक हलला नाही. ते तिच्याकडे बघत राहिले.

"आणि अंडं," ती घाईघाईनं म्हणाली.