अनिपा आपानं घेतलेलं नाव

किरगिझस्तानात, नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथं अनिपा आपा एकटीच राहायची. सोबतीला एक गाय, चार मेंढ्या आणि पोरानं ठेवून दिलेला जुना कॉम्प्युटर. पोरगा बेकतुर रशियात, गोदामात कामाला. जाण्याआधी त्यानं त्या डबड्यात लिनक्स घालून असं बसवून दिलं होतं, की बटण दाबताच यंत्रानं आपलं आपणच घरचं वायफाय शोधावं, जोडून घ्यावं आणि बेकतुरला हाक घालावी. आपाला एका अक्षराला बोट लावायला नको. ती सगळ्यांना सांगायची, "माझा बेकतुर बटणात बसलाय!"

त्या पानगळीत वीज उसळली आणि राउटर जळून गेला. दुसऱ्याच दिवशी बेकतुरचा सोबती मिरबेक तिच्या साध्या फोनवर बोलला.

"आपा, बेकतुर दवाखान्यात आहे. नळी घातलीय, बोलता येत नाही. तुला बघायचंय म्हणून खुणा करतोय. लवकर कॉम्प्युटरचा पडदा लाव."

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. गावात मोबाइलवर नुसता आवाज पोचतो, चित्र नाही; म्हणून शाळेतला राउटर काखेत मारून पळत आलो.

"आपा, या राउटरला जळालेल्याचंच नाव द्यायला लागंल. तुझं यंत्र दुसऱ्या कुणाला ओळखत नाही, आणि त्याच्या कुलपाची किल्ली बेकतुरकडं. नाव काय होतं? परवलीचा शब्द?"

आपानं डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला. "दोन्ही एकच. पण मला घेता यायचं नाही, मास्तर. या घरच्या मोठ्यांचं आहे."

"मालकांचं?"

ती खाली बघत राहिली. मी हो समजलो. 'इशेनबेक' टाकलं, यंत्र बंद करून चालू केलं. काही नाही. स्पेलिंग बदलून पुन्हा. काही नाही.

"आपा, लिहून तरी दे!"

"लिहिलं काय नि घेतलं काय, एकच की रे." तिनं दाराबाहेर बोट दाखवलं. "टेकडीवर जा. ह्यांच्या उजव्या अंगाला जे थडगं आहे, त्यावर कोरलंय. जा, पळ."

म्हणजे सासरा. मी या गावात आलो त्याच्या कितीतरी आधी गेलेला. मी फाटकापर्यंत पोचलो असेन, तोच मागून हाक आली. आपा भिंतीकडं तोंड करून उभी होती. सून म्हणून या उंबऱ्यात आल्यापासून जे ओठांवर आलं नव्हतं, ते ती मोठ्यानं बोलली.

"जुमाकादिर."

यंत्र सुरू झालं. जोडलं गेलं. पडदा उजळला. पडद्यावर मिरबेक, मागं दवाखान्याची हिरवी भिंत. तो आपाकडं बघेना.

"आपा, तो दाराकडं बघत होता गं. आत्तापर्यंत."

आपानं पडद्यावर हात ठेवला. "उशीर मीच केला," एवढंच म्हणाली.

बेकतुरच्या मरणानंतरचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी म्हटलं, "आपा, आता ते आपोआप लागणं काढून टाकायची काहीतरी सोय करू का? उगीच रोज हाक घालतं."

"राहू दे," ती म्हणाली. "मी एवढं नाव घेतलंय. ते फुकट नको जायला."

अजूनही सकाळी ती बटण दाबते. यंत्र जुमाकादिरला शोधतं, जोडून घेतं आणि बेकतुरला हाक घालत राहतं.