नाखुशीने

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. वीसएक वर्षांपूर्वी, देवासच्या दप्तरात बिनपगारी उमेदवार होतो तेव्हा, मी एका कागदावरचे एक अक्षर गाळले. चुकून नव्हे. ज्यांच्या कागदावरचे ते अक्षर होते त्यांच्याविषयीच लिहायला बसलो आहे, तेव्हा हे आधी सांगून टाकलेले बरे. नाहीतर मी त्यांचे गुण गात बसेन आणि मुद्द्याचे राहून जाईल. ती माझी जुनी खोड आहे.

देवासात तेव्हा दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू यांची, दुसरी त्यांची. मी कोणत्या पातीच्या दप्तरात होतो ते सांगत नाही. गुन्हा माझा आहे, पातीचा नाही.

दप्तरात त्यांना मागून सगळे ‘पार्लमेंट’ म्हणत. मी काका म्हणे. ते मूळचे धारचे, मोडी लिहिण्यात हातखंडा. कागदावर आधी एका दमात आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायचे, बोरू न उचलता. त्यांची ओळ पाहिली की वाळत घातलेले धुणे आठवावे इतकी सरळ. आणि हात असा चालू असताना तोंडाने एक पालुपद: “आणि उद्या पार्लमेंटात विचारलं तर?”

हे पालुपद कशालाही लागे. शिपायाने पाण्याचा माठ फोडला तर काका मान वर न करता म्हणत, “उद्या पार्लमेंटात विचारतील, माठ कोणी फोडला. काय सांगशील?”

शिपाई माळवी माणूस. तो म्हणे, “के दूंगा काकासाब, बिल्ली ने फोड्यो.”

“मांजराचा जबाब लिहून घे मग.”

आम्ही हसत असू. पण काकांचे ते हसण्यावारी नव्हते. विलायतेत एक घर आहे, तिथे कोणीही सभासद उठून सरकारला प्रश्न करतो, आणि सरकारला उभे राहून उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट त्यांनी तरुणपणी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचली आणि ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. ज्याने सारा जन्म ‘हुकमाप्रमाणे’ हा शब्द लिहिण्यात घालवला, त्याला ‘उत्तर द्यावे लागते’ या तीन शब्दांचे किती कौतुक वाटावे, ते आपण समजू शकता.

बायको लवकर गेलेली. एकच मुलगी, ती धारला दिली होती. काका टेकडीच्या वाटेवर एका खोलीत एकटे राहत. एका रविवारी सकाळी मी दही द्यायला गेलो तर आतून बोलणे ऐकू आले. वाटले, पाहुणे आहेत. दारातून पाहतो तो काका खाटेवर बसून विचारत होते, “सरकारला हे ठाऊक आहे काय?” मग उठले, दोन पावले चालून समोरच्या ट्रंकेवर बसले आणि जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “या बाबतीत माहिती मागविण्यात येत आहे.” पुन्हा खाटेवर. “हे उत्तर झालं नाही.” पुन्हा ट्रंकेवर. ट्रंकेवरचे काका निरुत्तर होऊन खाली पाहत बसले.

मी पायरीवर दही ठेवून परतलो. त्यांना कळले असावे. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, “रविवार फार लांब असतो रे. तू येत जा. माझे डोळे आता छापील बारीक अक्षराला दाद देत नाहीत. पेपर वाचून दाखव.”

तेव्हापासून दर रविवारी मी जाऊ लागलो. डाकेने आठवडाभर शिळा पेपर येई. मी खाटेवर बसून वाचायचो, काका ट्रंकेवर बसून ऐकायचे. म्हणत, “आता दोन्ही बाजूंना माणूस आहे. सभा भरली.”

त्याच सुमारास पार्लमेंटात अफूचा प्रश्न निघाला. आमच्या माळव्याची अफू मुंबईवरून चीनला जाई. तो व्यापार सरकारला शोभतो का, तो चालू ठेवावा की बंद करावा, असे तिकडचे सभासद विचारू लागले. सरकारने माहिती मागवली, आणि ती मागणी इंदूरवरून उतरत उतरत आमच्या दप्तरात आली. प्रश्न बरेच होते. त्यातला एक असा: रयत अफू खुशीने पेरते की कसे?

तो कागद काकांच्या हातात आला तेव्हा त्यांनी तो दोनदा कपाळाला लावला. शिरस्तेदार, म्हणजे आमच्या दप्तराचे मुख्य, हसून म्हणाले, “अहो, खलिता काय लावता कपाळाला? चार ओळी खरडा, रयत सुखी आहे म्हणून.”

“विचारून लिहितो,” काका म्हणाले.

“कोणाला?”

“रयतेला.”

दप्तरात त्या उत्तरावर आठ दिवस करमणूक झाली.

काका मला घेऊन बैलगाडीने पीपलरावां गावाला गेले. खसखशीची बोंडे भरली होती, बाया पहाटेपासून चिरलेल्या बोंडांवरचा चीक खरवडत होत्या. पटेलाने हात जोडून सांगितले की सगळे खुशीत आहेत. काकांनी ते लिहून घेतले नाही. विहिरीच्या कडेला एक म्हातारी बोटांना लागलेला चीक मातीने घासत बसली होती. काका तिच्यासमोर उकिडवे बसले.

“माजी, अफीम खुशी से बोते हो?”

म्हातारीने आधी मागे पाहिले, दुसऱ्या कोणाला विचारले का म्हणून. मग म्हणाली, “खुसी? म्हारे कुण पूछे, भिया? कुवा वाली जमी को लगान गऊं से नी भराय. अफीम नी बोवां तो जमी छूटी जाय.”

विहिरीखालच्या जमिनीचा सरकारी सारा अफूच्या हिशेबाने लावलेला. गहू पेरला तर तो भरत नाही, आणि भरला नाही तर जमीन जाते. टोंकखुर्दकडच्या दोन गावांतही आम्ही हेच ऐकले. काकांनी म्हातारीला सांगितले, “तुम्हारी बात विलायत जाएगी.”

ती दात नसलेल्या तोंडाने हसली. “वां म्हारे कुण ओळखे?”

“ओळखत नाहीत, पण पूछते हैं,” काका म्हणाले. मराठी, हिंदी, सगळे एकात. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, “तीस वर्षं लिहितोय. पण माझं लिहिलेलं कोणी वाचून त्यावर उठून प्रश्न करील, असं आज पहिल्यांदा होणार.” त्यांच्या हातात बोरू नव्हता, पण देवास येईपर्यंत बोट मांडीवर आडवी रेघ ओढत होते.

त्यांनी मोडीत उत्तर लिहिले. मोडीत शब्द एकमेकांपासून तोडत नाहीत, ओळ सलग जाते. वाक्य असे होते: रयत अफू नाखुशीने पेरते, कारण विहिरीखालील जमिनीचा सारा इतर पिकाने निघत नाही. माझे काम त्याची बालबोध, म्हणजे देवनागरी, नक्कल करायची. त्या नकलेवरून इंग्रजी तर्जुमा व्हायचा होता.

दुपारी शिरस्तेदार माझ्या बैठकीपाशी आले. मसुदा वाचला. त्या ओळीवर बोट ठेवले आणि अगदी सहज म्हणाले, “मोडी फार गचडीची लिपी. एखादं अक्षर कधी कधी वाचण्यातच येत नाही. काय?”

मी म्हणालो, “होय साहेब.”

“काकांचे डोळेही गेले आता. आणि ते पुढचं कारणबिरण कशाला? विचारलं तेवढंच सांगावं.” मग जाता जाता, “तुझ्या नेमणुकीचा कागद माझ्याकडेच आहे. पाहू.”

बस, एवढेच. त्यांनी मला ‘गाळ’ असे म्हटले नाही. मी आजवर स्वतःला हे बरेचदा सांगून पाहिले की हुकूम होता. हुकूम नव्हता. मी बालबोधीत लिहिले: रयत अफू खुशीने पेरते. पुढचे कारण सोडून दिले. ‘ना’ लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाही वेळ मी विचार केला नाही. महिनाभरात माझी नेमणूक झाली. काकांनी पेढे मागितले, आणि मी दिले.

पुढे बरेच महिने गेले. दर रविवारी मी वाचायचो आणि काका विचारायचे, “आपलं काही?” मी म्हणायचो, “नाही अजून.” ते म्हणायचे, “येईल. समुद्र आहे मध्ये.”

आणि एका रविवारी आले. मी वाचण्याच्या भरात होतो, पुढे काय आहे ते पाहिले नव्हते. सभासदाचा प्रश्न वाचला आणि त्याच दमात सरकारतर्फे दिलेले उत्तर वाचून गेलो: माळव्यातील संस्थानांकडून आलेल्या माहितीप्रमाणे तेथील रयत अफू आपखुशीने पेरते. वाचून झाल्यावर मला कळले की मी काय वाचले. जिथे गाळायला हवे होते तिथे मी एक अक्षरही गाळले नाही.

काका ट्रंकेवर तसेच बसून होते. म्हणाले, “पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचले.

“दुसऱ्या कुठल्या संस्थानाचं असेल,” मी म्हणालो.

“असेल. पण आपलं वेगळं असतं तर त्यांना ‘कोठे खुशीने, कोठे नाखुशीने’ म्हणावं लागलं असतं. तिथे खोटं बोलता येत नाही.” मग बराच वेळ उजवा हात उलटसुलट करून पाहत राहिले. “तू नक्कल केलीस. मसुद्यात मी ‘ना’ लिहिला होता ना रे?”

मित्रहो, माणसाला आपल्या आयुष्यात खरे बोलायची संधी अनेकदा मिळते असे म्हणतात. मला इतकी स्वच्छ एकदाच मिळाली. समोर एकच माणूस होता, तोही मला पोटच्या पोरासारखा मानणारा. त्याने मला क्षमा केली असती, हे मला तेव्हाही माहीत होते.

मी म्हणालो, “नव्हता, काका.”

“आणि कारण? साऱ्याचं?”

“तेही नव्हतं.”

त्यांनी मसुदा पाहायला मागितला नाही. मागितला असता तर वरच्या फळीवर दप्तराच्या लाल रुमालात बांधलेला होता, मला जागा ठाऊक होती. ते फक्त म्हणाले, “तू पाहिलंस ना, मग बरोबर.” आणि मग, “म्हणजे माझा हात गेला.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोरू धरला नाही. शिरस्तेदारांनी कागद पुढे केला तर म्हणत, “माझा हात न विचारता खोटं लिहितो. दुसऱ्याला द्या.” ‘उद्या पार्लमेंटात विचारलं तर’ हे पालुपदही बंद झाले. शिपायाने एकदा मुद्दाम पेला पाडून पाहिला. “काकासाब, कंई जबाब दूं?” काकांनी उठून स्वतः फडके आणले आणि पाणी पुसले. त्या दिवसापासून त्यांना कोणी मागूनही ‘पार्लमेंट’ म्हटले नाही.

नोकरी सोडल्यावर ते एकटेच पीपलरावांला गेले, म्हातारीची माफी मागायला. मी बरोबर येतो म्हणालो नाही. परतले तेव्हा मी विचारले, काय झाले. म्हणाले, “तिला आठवतही नव्हतं मी काय विचारलं ते. म्हणाली, कागद में कंई बी लिखो, भिया, रोटी खाई जाव. जेवू घातलं.” आणि हसले. त्यांचे ते हसणे माझ्याच्याने पाहवले नाही. पुढच्या रविवारी काम काढून मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही. दोन-तीनदा टेकडीच्या वाटेने गेलो तेव्हा दार उघडे दिसे आणि आत ते ट्रंकेवर, रिकाम्या खाटेकडे तोंड करून, न बोलता बसलेले असत. मी चालण्याचा वेग वाढवी.

पुढे मुलगी येऊन त्यांना धारला घेऊन गेली. दोनेक वर्षांत ते तिथेच वारले. चीनचा तो व्यापारही काही वर्षांनी बंद पडला. पीपलरावांच्या वाटेवर आता गहू दिसतो. सारा कसा भरतात ते मी विचारलेले नाही. शिरस्तेदार निवृत्त झाले, त्यांच्या जागी मी बसतो. लाल रुमाल तपासायचा अधिकार आता माझाच आहे. मसुदा तिथेच आहे. मी एकदा पाहिला. रेघ सरळ आहे आणि ‘ना’ इतका ठसठशीत आहे की तो कोणाला वाचता आला नाही, असे म्हणण्याची सोय नाही.

गेल्या वर्षी एका लग्नात त्यांची मुलगी भेटली. केस पांढरे होऊ लागलेत. म्हणाली, “दादा, बाबा तुमचं फार नाव घ्यायचे. तुम्ही रविवारी पेपर वाचून दाखवायचात म्हणायचे. शेवटी शेवटी नातवंडांची पाटीसुद्धा हातात घेत नसत. म्हणत, माझ्या हाताला भरवसा नाही, पोरांना चुकीचं वळण लागेल. डोकं फिरलं होतं हो त्यांचं थोडं. तुम्ही सांभाळून घेतलंत, उपकार आहेत.”

मी म्हणालो, “उपकार कसले, ताई.” आणि पंगतीत जाऊन बसलो.

देवासहून धार एका दिवसाची वाट आहे. ‘तुझ्या वडिलांनी बरोबर लिहिलं होतं’ हे एक वाक्य मी तिचे देणे लागतो. ते मी अजून दिलेले नाही.